छत्तीस इंचांची नळी

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या कॅलेंडरांवर आणि सिरपच्या डब्यांवर मेपलच्या झाडाला, सिरप ज्याचं करतात तो रस धरायला, अजूनही पत्र्याची बादलीच लटकलेली असते. मागे बर्फ, घोड्याची घसरगाडी, लाकडी खोपटातून निघणारी वाफ. प्रत्यक्षात फेब्रुवारीत इथल्या डोंगररस्त्यांनी गेलं की झाडीत दिसतात त्या निळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या नळ्या. छातीच्या उंचीवर, या झाडाकडून त्या झाडाकडे तिरप्या जाणाऱ्या, कुठेही न झोळता खाली उतरत एका जाड पाइपात शिरणाऱ्या. भारतातून आलेले पाहुणे त्या पाहून हमखास हिरमुसतात. इतक्या सुंदर जंगलात हे काय पसरून ठेवलंय, असं काही जण बोलूनही दाखवतात.

मला त्या नळ्या सुंदर वाटतात. एरवी जो उतार पायांना कळतो पण डोळ्यांना दिसत नाही, तो नीट बसवलेल्या नळीमुळे दिसायला लागतो. आणि ती बसवणाऱ्यानं झाडाचा पुढच्या किती वर्षांचा विचार केला आहे, तेही तिच्याकडे बघून सांगता येतं. हे दुसरं मला फार उशिरा कळलं, आणि खरं तर त्याबद्दलच मला लिहायचं आहे. पण आधी नळ्या.

मी मूळची रावेर तालुक्यातली, केळीच्या पट्ट्यातली. नोकरीनिमित्त इकडे आले आणि माउंट मॅन्सफिल्डच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतो तिथे घर मिळालं. घरामागचा सगळा चढ शेजारीणबाईंचा. त्यांचं वय सत्तरीपलीकडचं, मेपलचं काम त्यांच्या सासरी आधीपासूनचं. एका नोव्हेंबरात त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि वरच्या पट्ट्यातल्या नळ्या बदलायच्या होत्या. मी मदतीला गेले. त्यांनी हातात नळीचं वेटोळं, खिशात मूठभर ‘टी’, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचे नळीचे जोड, आणि गरम पाण्याचा थर्मास दिला. गोठलेल्या बोटांनी नळीच्या टोकात टी दाबताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मेनलाइन म्हणजे मुख्य जाड पाइप, तिला जोडलेल्या बारीक नळ्या म्हणजे लॅटरल, जॉइनर, टी, शेवटचं टोक बंद करायची युक्ती. हे सगळं मी लहानपणापासून ठिबकमध्ये पाहिलेलं होतं. फरक इतकाच की आबांच्या शेतात विहिरीचं पाणी नळीतून झाडाकडे जातं आणि इथे झाडातलं पाणी नळीतून खाली येतं.

अर्थात हा फरक लहान नाही. ठिबकमागे मोटर असते. पाणी दाबानं ढकललं जातं, त्यामुळे जमीन थोडी वर-खाली असली तरी निभावतं, आणि लॅटरल जमिनीवर लोळली तरी चालतं. मेपलच्या नळीला लोळून चालत नाही. तिच्यातला रस मुख्यतः स्वतःच्या वजनानं उतरायचा असतो. एखाद्या ठिकाणी नळी दोन बोटं झोळली की तिथे रस साचतो. रात्री तो गोठतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची नळी मोकळी झाली तरी ती झोळ दुपारपर्यंत बूच बनून बसते. वर झाडं वाहत असतात आणि खाली टाकीत काही येत नाही. उबदार दिवसांत तिथे साचलेल्या रसात जंतू वाढतात ते वेगळंच. म्हणून इथल्या साखरवाल्यांचा नियम तीन शब्दांचा आहे: ताठ, सरळ, उतरती. या तिन्हीत शेजारीणबाईंच्या मते ‘उतरती’ आधी येतं. ताठपणा नंतर आणता येतो, उतार मात्र डोंगर देईल तेवढाच.

तो वाचायचा तर पानं गळून गेल्यावर आणि बर्फ पडण्याआधी. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर एवढाच काय तो अवकाश. हातात उतार मोजायचं छोटं यंत्र आणि खिशात रंगीत फितींचं बंडल. खालून, टाकीपासून सुरुवात करायची. मेनलाइनला किमान दोन टक्के उतार हवा, म्हणजे शंभर फुटांत दोन फूट. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण जंगलात उभं राहून ‘इथून तिथपर्यंत उतरतं’ असं छातीठोकपणे सांगावं आणि यंत्रानं तो चढ असल्याचं दाखवावं, असं भल्याभल्यांचं होतं. आजूबाजूचा डोंगर खूप तिरका असला की सौम्य चढही डोळ्यांना उतार वाटतो. म्हणून यंत्रावर विश्वास ठेवायचा आणि पुढच्या झाडाला फीत बांधायची. फितींची ती ओळ तयार झाली की मग डोंगराच्या घड्या दिसायला लागतात. कुठे जुना ओहोळ आहे, कुठे खडकाचं पोट पुढे आलंय, कुठे दोन उतार एका रेषेत मिळतात. मेनलाइन बहुतेक वेळा त्या मिळण्याच्या जागेतूनच जाते.

मग तार. पाऊण इंची पाइप नुसता झाडाझाडांत ताणला तर भरल्यावर लोंबेल, म्हणून आधी पोलादी तार ओढायची. दोन्ही टोकांना भक्कम झाडं, आणि त्यांच्या सालीत तार रुतू नये म्हणून मध्ये लाकडाचे ठोकळे किंवा जुन्या होजचे तुकडे. दाताच्या चक्रीनं तार ताणायची. वाटेतल्या झाडांना ती गुंडाळायची नाही. बाजूच्या झाडांवरून आडव्या तारा टाकून तिला हवी तेवढी उचलायची, हवी तेवढी बाजूला खेचायची. मग पाइप त्या तारेला थोड्या थोड्या अंतरावर बारीक तारेच्या पिळांनी बांधत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि पाठ मोडून काढतं, याहून त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

लॅटरलचं काम मात्र मला अगदी मनापासून आवडतं. सर्वांत वरच्या झाडापासून निघायचं. तिथे नळी झाडाभोवती फिरवून अडकवायची आणि खाली येताना एका झाडाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, अशी गुंफत आणायची. खेचली की ती प्रत्येक खोडाला घट्ट टेकते आणि स्वतःच्या ताणावर उभी राहते. कुठे खिळा नाही, कुठे गाठ नाही. मेनलाइनला ती वरच्या अंगानं येऊन मिळायला हवी. एका लॅटरलवर फार झाडं घ्यायची नाहीत. पाचांवर थांबायचा प्रयत्न करा, दहाच्या पुढे कधीच जाऊ नका, असं इथे सांगतात. लोभानं आणखी दोन झाडं जोडली की सगळ्यांचाच रस तुंबतो. मग प्रत्येक झाडापाशी नळी कापायची, टोकं थर्मासच्या गरम पाण्यात बुडवून मऊ करायची आणि दोन दांड्यांच्या चिमट्यानं टी आत खेचायचा. त्या टीला जोडलेली आखूड नळी म्हणजे ड्रॉप, आणि ड्रॉपच्या टोकाला तोटी. जानेवारी-फेब्रुवारीत झाडाला भोक पाडून ती तोटी आत ठोकली की काम सुरू. पूर्वी मार्चच्या पहिल्या मंगळवारी, गावसभेच्या दिवशी, टॅप करायची रीत होती. आता तोवर थांबलं तर हंगामातलं बरंच वाहून गेलेलं असतं. हिवाळा मध्येच उबदार होतो आणि झाडं कोणाच्या सभेसाठी थांबत नाहीत.

हे सगळं ज्याच्यासाठी करायचं तो रस चवीला जवळजवळ पाणीच असतो. दोन टक्के साखर. व्हरमाँटमधले रसायनशास्त्रज्ञ सी. एच. जोन्स यांनी १९४६ साली मांडलेला हिशेब इथे सगळ्यांना पाठ असतो: ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागलं की एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. दोन टक्क्यांना ४३. म्हणजे एक लिटर सिरपमागे चाळीसेक लिटर पाणी उडवायचं. असा हिशेब असताना एकेका झाडामागे बादली घेऊन गुडघाभर बर्फात जायचं म्हणजे काय, ते कॅलेंडरवर दिसत नाही.

आणि हा रस वाहतो तरी का? आबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. “पानं नाहीत, मुळं गोठलेली, मग पाणी चढवतंय कोण?” रास्त प्रश्न. केळीचं किंवा आंब्याचं झाड पानांतून पाणी हवेत सोडतं आणि त्या ओढीनं मुळांतलं पाणी वर चढतं. मेपलचं फेब्रुवारीतलं गणित निराळं आहे. त्याच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या नलिकांभोवती जे तंतू असतात त्यांत पाण्याऐवजी हवा भरलेली असते. रात्री पारा शून्याखाली गेला की या तंतूंच्या आतल्या भिंतींवर बर्फ धरतो, हवा आक्रसते, आणि झाड खालून पाणी ओढून घेतं. दिवसा पारा शून्याच्या वर गेला की बर्फ वितळतो, कोंडलेली हवा फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. आधीच्या उन्हाळ्यात पानांनी कमावून लाकडात साठवलेल्या पिठूळ द्रव्याची साखर झालेली असते, ती त्या पाण्यात उतरते. आणि या दाबाच्या खेळात त्या साखरेचाही वाटा आहे. रात्र गोठवणारी आणि दिवस वितळवणारा, अशी जोडी जमली तरच रस. सलग थंडी पडली तर काही नाही, सलग ऊब आली तरी दोन-तीन दिवसांत आटलं. आबा हे शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हणजे तुमची मोटर आभाळात बसवलीय.”

या प्रदेशातल्या अबेनाकी लोकांना हे वाहणं युरोपातून कोणी येण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. ते सालीत तिरपी खाच पाडून रस बर्चच्या सालीच्या भांड्यात धरत. नंतर लाकडी तोट्या आल्या, पत्र्याच्या बादल्या आल्या, घोड्याच्या गाडीवरची टाकी आली. नळीची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या मेफिल्डच्या ब्रोअर नावाच्या माणसानं १९१६ साली धातूच्या नळ्यांच्या जाळ्याचं पेटंट घेतलं होतं. ती चालायची, पण धातू गोठतो, आकसतो, बसवायला महाग. प्लास्टिक स्वस्त झालं तेव्हा, १९५० च्या दशकात, व्हरमाँटमधले नेल्सन ग्रिग्ज आणि जॉर्ज ब्रीन आणि न्यूयॉर्कमधले रॉबर्ट लॅम हे आपापल्या परीनं एकाच गोष्टीच्या मागे लागले. ग्रिग्ज यांना १९५९ साली पेटंट मिळालं. सुरुवातीला या नळ्या जमिनीवर पसरायच्या की हवेत ताणायच्या, त्यांना हवा जायला वाट ठेवायची की पूर्ण बंद ठेवायच्या, यावर मोठे वाद झाले. पुढे ताणलेली, बंद नळी टिकली. तशी टिकली म्हणूनच तिच्यातून हवा खेचून घ्यायची कल्पना पुढे आली.

हवा खेचायची म्हणजे निर्वात पंप बसवायचा. झाडाच्या आतला दाब आणि नळीतला दाब यांतला फरक जितका जास्त तितका रस जास्त. ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात, आणि एका इंचामागे सुमारे पाच टक्के वाढ धरतात. इतकं ओढल्यानं झाडाच्या आत जास्त इजा होते का, हा प्रश्न कोणालाही पडेल, मलाही पडला. अंडरहिलला व्हरमाँट विद्यापीठाचं प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र आहे, १९४६ पासूनचं, आमच्या घरापासून जवळच. तिथल्या अभ्यासकांनी झाडं कापून आतलं लाकूड तपासलं. ओढ जास्त असली म्हणून जखम मोठी झालेली त्यांना दिसली नाही.

पंपाला वीज लागते, आणि शेजारीणबाईंच्या वरच्या पट्ट्यात वीज नाही. तिथे आम्ही बारीक नळी घातली. नेहमीची नळी आतून ५/१६ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर. ही ३/१६ इंच, पाच मिलिमीटरहूनही कमी. रुंद नळीत रस तळाशी वाहतो आणि वर हवा राहते. बारीक नळीत रस पूर्ण नळी भरून उतरतो, आणि भरलेल्या नळीतलं पाण्याचं वजनच वरच्या झाडांतून रस ओढायला लागतं. एक फूट उतारामागे पाऱ्याचा इंचाला थोडी कमी इतकी ओढ मिळते. तीस-एक फूट खोल उतार मिळाला की पंपाची बरोबरी होते. प्रॉक्टर केंद्रातल्या टिमोथी विल्मट यांनी हे लोकांपुढे आणलं तेव्हा ज्यांच्याकडे वीज नाही पण डोंगर आहे, त्यांचं नशीबच पालटलं. त्याची खोड नंतर कळली: इतक्या बारीक टीमध्ये जंतूंचा चिकट थर लवकर बसतो आणि वाट बुजते. त्यामुळे धुणं आणि जोड बदलणं यात हयगय चालत नाही. हे ऐकून आबांना फार समाधान वाटलं. ठिबकच्या लॅटरलला दरवर्षी ॲसिड सोडणाऱ्या माणसाला नळीतला थर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

खारींबद्दलही सांगावं लागलं नाही. रावेरला उन्हाळ्यात खारी लॅटरल कुरतडतात आणि इथेही कुरतडतात. इथले जुने लोक सांगतात की सोडियम असलेल्या ब्लीचनं नळ्या धुतल्या की मागे राहिलेल्या खारटपणासाठी त्या आणखी येतात. म्हणून हंगाम संपल्यावर आम्ही नुसत्या पाण्यानं धुतो. मूस नावाचं ते अजस्र हरीण लॅटरलमधून सरळ चालत जातं आणि मागे फाटलेला पसारा ठेवतं. वाऱ्यानं फांद्या पडतात. जानेवारी १९९८ मध्ये गोठणारा पाऊस क्विबेकपासून मेनपर्यंत दिवसचे दिवस पडत राहिला, तेव्हा नळ्यांच्या आधी झाडंच मोडली. शेजारीणबाई त्या आठवड्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

म्हणून हंगामात रोज कोणीतरी रेषेवरून चालायचं असतं. पंपावरच्या पट्ट्यात गळती कानांनी शोधतात. बारीक भोकातून हवा आत शिरताना शिट्टीसारखा आवाज येतो. डोळ्यांनीही कळतं. अर्धपारदर्शक नळीत रसाबरोबर बुडबुडे निवांत सरकत असले तर ठीक. ते पळत असले तर वर कुठेतरी छिद्र आहे. मग त्या लॅटरलवरून वर चढत जायचं, बुडबुडे थांबतात तिथपर्यंत. मला हे चालणं कामाचा सर्वांत चांगला भाग वाटतं. बादल्यांच्या काळात माणूस प्रत्येक झाडापाशी दररोज जायचा, जावंच लागायचं. नळीनं ती सक्ती काढून टाकली. टाकी खाली भरत असेल तर वर न जाताही हंगाम निघू शकतो, आणि काही लोक तसा काढतातही. मला ते पटत नाही. नळीनं वाचवलेला वेळ तिच्यावरून चालण्यात घालवला नाही, तर झाडांकडे बघणारं कोणीच उरत नाही.

आणि बघायचं काय, तर मुख्यतः ड्रॉप.

पहिल्या हिवाळ्यात टॅप करायला गेलो तेव्हा शेजारीणबाईंनी मला ड्रिलकडे नव्हे, भुशाकडे बघायला सांगितलं. तोटीचं भोक ५/१६ इंच रुंद, दीड ते दोन इंच खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. ड्रिल बाहेर येताना लाकडाचा भुसा सालीवर पडतो. तो पांढरा, दुधाळ असला तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी असला तर तुम्ही जुन्या जखमेत शिरला आहात, आणि त्या भोकातून काहीही मिळणार नाही. खालच्या जुन्या पट्ट्यात त्या दिवशी झाडामागून झाडाला तपकिरी भुसा येत होता. झाडं दिसायला धडधाकट, दीड-दीड फूट व्यासाची. साल स्वच्छ, जुनी भोकं बुजलेली, वरून कुठेच काही कळत नव्हतं.

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात असंख्य झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. जखमी झालेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती उभ्या करतं, तो भाग कायमचा बंद करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. तोटीचं भोक बोटाएवढंही नसतं, पण त्याच्या वर आणि खाली लाकडाचा कितीतरी लांब पट्टा डागाळतो आणि निकामी होतो. तो पुन्हा कधीच पाणी वाहत नाही. आडवा तो फारसा पसरत नाही. म्हणून दर वर्षी नवं भोक जुन्या भोकाच्या सरळ वर किंवा सरळ खाली न घेता बाजूला सरकून घ्यायचं, आणि उंचीही बदलत राहायची. असं सगळ्या खोडाभोवती फिरत गेलं की पहिल्या जागी परत येईपर्यंत झाडानं त्या डागावर पुरेसं नवं लाकूड चढवलेलं असतं. मेपल आणि माणूस यांच्यातला सौदा हा इतकाच आहे. साखरेचं म्हणाल तर आपण घेतो तो वाटा झाडाच्या साठ्यापुढे लहान आहे. सांभाळायचं ते लाकूड.

आता बारा इंच व्यासाचं झाड घ्या. यापेक्षा बारीक झाडाला आम्ही तोटी लावतच नाही. त्याचा घेर सुमारे ३८ इंच. लॅटरल त्याच्या एका अंगाला टेकून जाते. ड्रॉप अठरा इंचांचा असेल तर त्याचा थोडा भाग वळणात जातो, आणि उरलेल्यात तोटी कुठे पोचणार? लॅटरलच्या थोडी वर, याच बाजूला. पुढच्या वर्षी चार बोटं डावीकडे, त्यापुढच्या वर्षी चार बोटं उजवीकडे. मागच्या अंगाचं निरोगी लाकूड तसंच पडून राहतं आणि पुढच्या अंगाला डागांना डाग लागून सगळा पट्टा मरतो. टॅप करणारा माणूस कितीही काळजीचा असला तरी आखूड नळी त्याला तिथेच ओढून आणते. तीस ते छत्तीस इंचांचा ड्रॉप असेल तर तो खोडाच्या मागे जाऊ शकतो, लॅटरलच्या वर जाऊ शकतो, आणि पंप असेल तर खालीसुद्धा. तोच माणूस, तेच झाड, तेच ड्रिल. झाडाला पन्नास वर्षं टॅप करता येईल की वीस वर्षांत भुसा तपकिरी यायला लागेल, हे फूट-दीड फूट नळीवर ठरतं. मेनलाइन, तार, पंप, टाकी यांच्या खर्चापुढे या नळीची किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी कमी आहे.

तरी लोक आखूड का घालतात? काही कारणं खरी आहेत. लांब ड्रॉप नीट बसवला नाही तर त्याला झोळ पडते. रात्री झाड गोठताना ड्रॉपमधला रस परत ओढून घेतं. लांब नळीत शिळा रस जास्त, म्हणून भोकात जाणारे जंतूही जास्त. त्यावर आता आत बारीक गोळी असलेल्या तोट्या मिळतात, रस परत फिरला की गोळी सरकून वाट बंद करते. पण बहुतेक ठिकाणी कारण एवढंच असतं की ज्यानं रेषा बसवली त्याला त्याच वर्षीचा रस दिसत होता, आणि त्या वर्षी अठरा इंच पुरेसे होते. शिवाय ड्रॉप दर वर्षी आणखी आखूड होतो. जंतू टाळण्यासाठी तोटी दर हंगामाला नवी लावायची असते, आणि जुनी काढताना नळीचं टोक इंचभर कापावं लागतं. शेजारीणबाईंच्या सासऱ्यांनी चोवीस इंचांचे घातले होते. आम्ही मोजले तेव्हा त्यांतले बरेच एका वितीपेक्षा थोडेच मोठे उरले होते. आणि झाडं मात्र तेवढ्या वर्षांत जाड होत गेली होती.

आबा एका मार्चमध्ये इकडे आले. थंडी त्यांना सोसत नाही, पण जंगलात यायचा हट्ट. शेजारीणबाईंना मराठी येत नाही, आबांना इंग्रजी जेमतेम. दोघांनी लॅटरलवर अर्धा दिवस घालवला आणि मला फार वेळा बोलवावंही लागलं नाही. त्यांनी आबांना भुसा दाखवला, एकदा पांढरा, एकदा तपकिरी. आबांनी तपकिरी भुसा चिमटीत घेऊन वास घेतला आणि मला म्हणाले, “यांना विचार गं, ही झाडं किती वर्षं सोडली तर पुन्हा धरतील.” मी विचारलं. शेजारीणबाई म्हणाल्या, झाड वर्षाला किती जाड होतं त्यावर आहे, दाट सावलीत अडकलेलं असेल तर फार हळू. मग त्यांनी डोकं वर करून फांद्या पाहिल्या आणि आजूबाजूची कोणती झाडं काढली तर याला ऊन मिळेल, ते बोटानं दाखवायला लागल्या. आबांनी मान हलवली. गर्दी कमी करायची, हे त्यांना कळायला भाषा लागली नाही.

व्हरमाँटमध्ये २०२२ साली पंचवीस लाख गॅलनांहून जास्त सिरप झालं, अमेरिकेच्या निम्मं. एवढं नळीशिवाय होणं शक्यच नव्हतं, आणि बादल्यांच्या आठवणीनं हळहळणाऱ्यांशी माझं जमत नाही. बादली झाडाला जपायची असंही नाही. त्या काळातली भोकं ७/१६ इंचांची, आजच्यापेक्षा रुंद. एकेका झाडाला तीन-तीन, चार-चार बादल्या लावल्याची छायाचित्रं आहेत. बादलीचा एकच गुण मला नळीत हवा आहे: ती खोडावर कुठेही लावता यायची. लांब ड्रॉप तो परत मिळवून देतो.

गेल्या शरदात आम्ही वरच्या पट्ट्यातले सगळे ड्रॉप छत्तीस इंचांचे केले. खालच्या पट्ट्यात ज्या झाडांना तपकिरी भुसा आला होता त्यांना यंदा तोट्या लावलेल्या नाहीत. त्यांच्या टीमध्ये ड्रॉपचं टोक परत अडकवून बंद करून ठेवलं आहे. तेवढा रस कमी येईल आणि शेजारीणबाईंनी तो हिशेबात धरला आहे. येत्या ऑक्टोबरात खालची लॅटरल काढून दीड फूट वर न्यायची, म्हणजे टॅपचा पट्टा जुन्या डागांच्या वर सरकेल. मेनलाइन तशीच राहील, तिचा उतार चांगला आहे. त्याआधी उन्हाळ्यात त्या झाडांभोवतीची बीच आणि फर या झाडांची गर्दी विरळ करायची. कोणती काढायची त्यांना पिवळी फीत बांधून झाली आहे. फक्त एका जुन्या लाल मेपलवरून आमचं अजून ठरत नाही. त्याचा रस पातळ असतो आणि त्याला कळ्या लवकर येतात, म्हणून शेजारीणबाई म्हणतात काढूया. मी त्यालाही छत्तीस इंचांचा ड्रॉप कापून ठेवला आहे.